कयाक घ्यायची तर आधी आपलं माप काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मासेमारी आणि व्यायाम अशा दोन्हींसाठी कयाक (दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी) कशी निवडावी, हा आपल्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा हौसेने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. गळाच्या काठ्या अडकवायला खाचा किती असाव्यात, मासे दाखवणारं यंत्र कुठे बसवावं, रंग कोणता घ्यावा, सगळं त्यात आलं होतं. ज्याच्यावर माणूस तीन-तीन तास बसणार, त्या आसनाबद्दल मात्र एकच वाक्य: ‘आसन आरामदायी असावं.’ अहो, माझ्याकडे कापड टाकून कोणी ‘अंगाला नीट बसेल असं शिवा’ एवढंच सांगून निघून गेलं असतं, तर मी काय बेतलं असतं? म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कात्री तुमच्या हातात आहेच.

मी 31 वर्षं शिवणकाम केलं. वय 58, उंची 5 फूट 1 इंच, वजन 62 किलो. आकडे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागतील. इतकी वर्षं मशीनवर वाकून पाठीचं धनुष्य झालेलं, व्यायाम हवा होता आणि गुडघे चालू देत नव्हते. गळ टाकायची खोड लहानपणापासूनची. दोन्ही एकाच होडीत साधेल म्हणून वर बसायची कयाक घ्यायचं ठरवलं. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कयाकच्या एका प्रकारात पाय आत घालून बसतात. दुसरी वरून बंद, आतून पोकळ असते आणि आपण तिच्या पाठीवर बसतो. वर आलेलं पाणी तिच्यातल्या आरपार भोकांमधून आपोआप निघून जातं. पालथी झाली तरी ती पाण्याने भरत नाही आणि आपले पाय कुठे अडकत नाहीत. पोहता येणाऱ्या पण धाडसी नसलेल्या माझ्यासारखीला हीच बरी.

पहिली कयाक घेताना मी तीच चूक केली जी गिऱ्हाइकं रेडिमेड घेताना करतात. खिसे मोजले. 10 फूट लांब, 34 इंच रुंद, 38 किलो वजन, काठ्यांसाठी चार नळ्या, गळांच्या डबीला झाकणाचा कप्पा. विकणारा म्हणाला, ‘बाई, हिच्यावर नाचलात तरी हलणार नाही.’ खरंच हलत नव्हती. वल्हवली तरी हलत नव्हती.

पहिल्या तासाभरात दोन्ही हातांच्या बोटांची पेरं सोलवटली. कारण साधं होतं, पण मला कळायला महिना गेला. माझे खांदे अरुंद, आसन खोलगट, होडी रुंद आणि सोबत मिळालेलं वल्हं 220 सेंटीमीटरचं. पाण्यापर्यंत पोहोचायला दर फटक्याला मी कडेवर ओणवी होत होते आणि मूठ कडेला घासत होती. वल्ह्याची लांबी होडीची रुंदी, आसनाची उंची आणि आपली उंची या तिन्हींवर ठरते. 28 इंचांच्या आतल्या होडीला बहुतेकांना 230च्या आसपासचं पुरतं, 28 ते 32 इंचांना 240, त्याहून रुंद किंवा उंच आसनाची असेल तर 250-260. जोडावर दहा-पंधरा सेंटीमीटर कमीजास्त करता येणारी वल्हीही मिळतात. नवख्या माणसाने तसलंच घ्यावं. आणि हातात धरून वजन बघावं. मिनिटाला 30 फटके धरले तरी तासाला 1800 होतात, म्हणजे 1800 वेळा ते वल्हं आपण उचलतो. अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याचं आणि फायबरग्लासच्या दांड्याचं अंतर दुकानात जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी खांद्यात जाणवतं. लेखात वल्ह्याला ‘इतर साहित्य’ म्हटलंय. मी तर म्हणेन, पैशांची ओढाताण असेल तर होडी साधी घ्या आणि वल्हं चांगलं घ्या.

आता मापाची गोष्ट. कयाक मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं शिवलेलं. शिवलेलं, बरं का! ज्याची होडी त्याच्याच अंगाचं माप. दोन्ही हात पसरले की जी लांबी होते तिच्या साधारण तिप्पट होडीची लांबी आणि कमरेची रुंदी अधिक दोन मुठी एवढी बसायची जागा, अशी रीत सांगितली जाते. म्हणजे ती अंगावर बेतलेली होडी. वर बसायची कयाक पुढे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर टिम नीमायर या माणसाने काढली. आज ती बहुतेक पॉलिथिलीन या प्लॅस्टिकची भुकटी साच्यात तापवत फिरवून बनवतात. एक साचा, हजारो होड्या. म्हणजे रेडिमेड! आणि रेडिमेड कपडा कोणाला तरी बसतो, आपल्याला बसेलच असं नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की कयाक घेताना होडीची लांबी-रुंदी विचारायच्या आधी आपलं माप काढावं आणि मग तीत बसून बघावं. नुसतं टेकून नाही. अर्धा तास, घड्याळ लावून.

दुसऱ्या कयाकच्या वेळी मी तेच केलं. दुकानातल्या फरशीवर होडीखाली दोन जुने टायर ठेवायला लावले, अंगात लाइफ जॅकेट चढवलं, वल्हं घेतलं आणि बसले. विक्रेता पहिल्यांदा हसला, मग कंटाळला, मग आपल्या कामाला लागला. पहिली पाच मिनिटं सगळीच आसनं छान वाटतात. दहाव्या मिनिटाला पहिल्या होडीत डाव्या मांडीखाली मुंग्या आल्या. खाली हात घालून पाहिलं तर आसनाची पुढची कड मांडीत रुतत होती. आसन माझ्या मांडीपेक्षा लांब होतं. कड आणि गुडघ्यामागची खळगी यांच्यामध्ये निदान तीन बोटं जागा हवी, तिथे एक बोटही शिरेना. उतरले. दुसऱ्या होडीत पंधराव्या मिनिटाला कंबर बोलू लागली. तिथे पाय टेकवायला साच्यातच पायऱ्या कोरलेल्या होत्या. एक पायरी घेतली तर गुडघा हनुवटीजवळ, पुढची घेतली तर टाच पोहोचेना. पाय ताठ झाले की मांडीमागचे स्नायू ओढले जातात, त्यांच्याबरोबर माकडहाड पुढे सरकतं आणि पाठ गोल होते. ज्या पाठीसाठी व्यायाम करायचा तीच वाकवून बसायचं, हा कुठला न्याय? तिसऱ्या होडीत पाय टेकवायच्या पट्ट्या रुळावर मागेपुढे सरकणाऱ्या होत्या. गुडघे जरासे वाकलेले, तळवे घट्ट टेकलेले, पाठ टेकली तरी चालेल आणि नाही टेकली तरी चालेल, अशी बैठक मिळाली. पस्तीस मिनिटं बसले. हीच घेतली.

पट्ट्यांचं महत्त्व नुसत्या आरामापुरतं नाही. वल्हवणं हा हातांचा व्यायाम आहे असं लेखात म्हटलंय. हातांनी वल्हवलं तर वीस मिनिटांत दंड भरून येतात आणि माणूस घरी येतो. उजवीकडे पाणी ओढायचं तर उजव्या पायाने पट्टी दाबायची, कमरेपासून धड वळवायचं, हात जवळजवळ सरळ ठेवायचे. जोर पायातून कमरेत, कमरेतून पाठीत आणि पाठीतून वल्ह्यात जातो. पाय अधांतरी असले की ही साखळीच तुटते. म्हणून ज्यांना व्यायाम हवा त्यांनी आधी पायांची जागा बघावी.

आसनाचे ढोबळ दोन प्रकार असतात. एकात होडीतच कोरलेला खड्डा आणि पट्ट्यांनी ताणलेली फोमची पाठ. दुसऱ्यात अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर जाळीचं कापड ताणलेली खुर्ची. जाळीतून वारा लागतो, खाली पाणी साचत नाही, कापड वाळतं. तासनतास गळ टाकून बसणाऱ्याला ही खुर्ची फार सुखाची, आणि गुडघे धरलेल्याला तिच्यावरून उठणं सोपं. पण आसन चार इंच वर गेलं की आपला भारही चार इंच वर जातो. होडी डुलते, वाराही जास्त लागतो. म्हणून खाली-वर अशा दोन उंचींवर बसवता येणारी खुर्ची मिळाली तर बघावी: वल्हवताना खाली, गळ टाकताना वर. उंच पाठीच्या खुर्चीबरोबर साधं लाइफ जॅकेट घातलं की पाठीचा फोम खुर्चीवर चढतो आणि जॅकेट कानापर्यंत येतं. पाठीच्या खालच्या भागात नुसती जाळी असलेली जॅकेटं मिळतात, ती घ्यावीत. नाहीतर माणसं जॅकेट काढून मागे ठेवतात. मागे ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालणं ही काय चीज आहे, ते एकदा कमरेइतक्या पाण्यात करून बघावं.

कंबरेपाशी तरीही थोडी पोकळी राहत होती. ती मी घरीच भरली. पाणी न शोषणाऱ्या फोमची चार इंच रुंद पट्टी कापून वर कापडाची खोळ शिवली. पहिली खोळ सवयीने सुती दोऱ्याने शिवली, ती महिन्या-दोन महिन्यांत उसवली. दुसरी पॉलिएस्टर दोऱ्याने शिवलीय, ती अजून आहे.

रुंदीबद्दल लेखाचं म्हणणं ‘जितकी रुंद तितकी सुरक्षित’ असं आहे. यावर माझं भांडण आहे. मासे पकडायला होडी स्थिर हवी, व्यायामाला ती पळायला हवी, आणि या दोन्ही मागण्या एकमेकींच्या सवती आहेत. रुंद सपाट तळाची होडी संथ पाण्यात पाटासारखी स्थिर वाटते, पण एका मर्यादेपलीकडे कलली की एकदम उलटते. थोडा गोलसर किंवा मधे निमुळता तळ सुरुवातीला डुगडुगतो, पण कलल्यावर धरून ठेवतो. या डुगडुगण्याची अंगाला दोन-तीन फेऱ्यांत सवय होते. उभं राहून गळ फेकणाऱ्यांना 33-34 इंच लागत असतील, ते त्यांनी घ्यावेत. मी बसूनच फेकते, मला 30 इंच पुरतात. माझी आत्ताची होडी साडेअकरा फूट लांब आणि 30 इंच रुंद आहे. लांबीचंही एक गणित आहे. पाण्यात टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून त्याला 1.34 ने गुणलं की साधारण किती नॉटपर्यंत (ताशी सागरी मैल) होडी सहज जाईल ते कळतं. 10 फुटांना 4.2, 12 फुटांना 4.6. फरक दिसायला क्षुल्लक आहे आणि तेवढ्या वेगाने मी कधी जातही नाही. पण लांब होडी सरळ जाते, दर फटक्याला नाक इकडे-तिकडे हलवत नाही. वाऱ्याच्या दिवशी त्याची किंमत कळते. तळाशी मागे छोटा पंख असला तर आणखी बरं.

जास्तीत जास्त भाराचा जो आकडा होडीवर छापलेला असतो, तो शिलाईच्या वाढीव कापडासारखा वाचावा. संपूर्ण वापरायचा नसतो. मी दोनतृतीयांश धरते. 135 किलो लिहिलं असेल तर माझ्या हिशेबी 90. त्यात मी, जॅकेट, खुर्ची, नांगर, काठ्या, पेटी, प्यायचं पाणी आणि परत येताना देव देईल ते मासे. त्याहून जास्त भरलं की पाणी बाहेर घालवायची तीच भोकं पाणी आत घेऊ लागतात आणि माणूस ओल्यात बसतो. भोकांना बुचं मिळतात, पण मग वरून आलेलं पाणीही अडतं.

आणि होडीचं स्वतःचं वजन! हे लेखात नव्हतंच. 38 किलोची पहिली होडी गाडीच्या टपावरून उतरवायला मला दोन माणसं लागायची. माणसं मिळायची नाहीत, मग मी जायची नाही. वर्षभरात ती मी मोजून अकरा वेळा पाण्यात घातली. आत्ताचीचं आसन काढलं की 26 किलो भरतात. एक टोक आधी टपावर टेकवून मग दुसरं ढकलायचं, खाली दोन चाकांची गाडी, एवढ्यात माझं मी करते. ज्या होडीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, तिने व्यायाम होत नाही.

व्यायामाचा हिशेबही सांगते, कारण ‘भरपूर कॅलरी जळतात’ याला अर्थ नाही. शारीरिक हालचालींच्या 2011 च्या तक्त्यात मध्यम जोराने कयाक वल्हवण्याला 5 मेट दिले आहेत, म्हणजे स्वस्थ बसण्याच्या पाचपट श्रम. माझ्या वजनाला ते तासाला 310 कॅलरींच्या आसपास जातं. पण वल्हवलं तर! गळ टाकून बसलेला तास व्यायामात धरायचा नाही, ही मी स्वतःला घातलेली अट आहे. म्हणून मासे जवळ लागत असले तरी मी लांबच्या जागी जाते. पंचवीस मिनिटं जाताना, पंचवीस मिनिटं येताना. असं आठवड्यातून तीनदा केलं की 150 मिनिटं होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला मध्यम श्रमाची कमीत कमी तेवढीच मिनिटं सांगते. येताना वारा समोरून असला तर पंचवीसची चाळीस होतात, ती वरकड.

पायांनी चालवायच्या कयाकची लेखात फार भलामण आहे. एका अमेरिकन कंपनीने 1997 साली तसली यंत्रणा बाजारात आणली आणि हात मोकळे राहतात म्हणून गळवाल्यांना ती आवडली, हे सगळं कबूल. पण यंत्रणेचं वजन वाढतं, उथळ पाण्यात गवत अडकतं आणि पाठ-खांदे रिकामेच राहतात. शिवाय 31 वर्षं पायमशीन चालवलेल्या बाईला पुन्हा पायडल मारायला लावू नका.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण लेखातल्या छायाचित्रात नांगराची दोरी आसनाशेजारच्या कडीला बांधलेली दिसते. हाताशी असते म्हणून मीही तिथेच बांधायची. एका दुपारी वारा वाढला, होडी आडवी झाली आणि दोरी ताठ झाली. ज्या बाजूला दोरी ती बाजू हळूहळू खाली जाऊ लागली. सोडायला म्हणून मी त्याच बाजूला वाकले. पुढचं सांगायला नको. पाण्यातून वर आले तर होडी पालथी, वल्हं दहा हातांवर, काठ्या तळाला. घाबरले, खोटं कशाला बोलू. पण उन्हाळ्यात छातीएवढ्या पाण्यात पाच-सहा वेळा मुद्दाम उलटून सराव केला होता, तो अंगाने काढून दाखवला. पलीकडच्या कडेला हात पोहोचवून आपल्याकडे ओढलं की होडी सुलटी होते. मग तिच्याशी आडवं व्हायचं, पाय पाण्यात सपाट मारायचे, पोट आसनावर चढवायचं, कुशीवर वळून बूड टेकवायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. उभ्याने चढायला गेलं की होडी अंगावर येते. तिसऱ्या खेपेला बसले. तेव्हापासून कडेने दोन्ही टोकांपर्यंत फिरणारी, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी, दोन छोट्या कप्प्यांच्या चाकांवरून फिरणारी दोरी लावलीय. नांगर हाताशी बांधायचा आणि ओढ टोकावर न्यायची. सहज सुटेल अशा गाठीने.

तेव्हा पुढच्या वेळी या विषयावर काही छापाल तर बसून दाखवणाऱ्या माणसाची उंची आणि वजन फोटोखाली छापा, एवढी विनंती. सहा फुटी तरुण 34 इंची होडीत हसत बसलेला पाहून आम्ही पाच फुटी माणसांनी काय समजायचं?

आपली नियमित वाचक,
निवृत्त शिवणकामवाली

ता. क. – होडीच्या मागच्या टोकाला आतलं पाणी काढायचं एक बूच असतं. ते धुतल्यावर वाळायला म्हणून उघडं ठेवतात आणि बऱ्याचदा तसंच राहतं. माझं दोनदा राहिलंय. आता मी ते सुईच्या डबीला बांधायचे तशा लाल दोऱ्याने गाडीच्या किल्लीला बांधून ठेवते.